दरवाजा लावला तरी छतातला दिवा विझत नाही: बीसीएम न बदलता दुरुस्ती कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. छतातला साधा बल्ब काढून अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात एलईडी बसवून घेतला. बसवताना बारीकशी ठिणगी उडाली. तेव्हापासून स्विच 'डोअर'वर असेल तर दिवा कायम लागलेला असतो, सगळे दरवाजे बंद करून गाडी लॉक केली तरी. 'ऑफ' केला की विझतो. जुना बल्ब परत लावून पाहिला, फरक नाही. एकदा स्विच 'डोअर'वरच राहिला, चार दिवस गाडी उभी होती आणि बॅटरी पार उतरली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात की बीसीएम गेला, पूर्ण मॉड्यूल बदलावं लागेल. फक्त बिघडलेला भाग दुरुस्त होतो का?

होतो. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, आतले दिवे, वायपर, सेंट्रल लॉक अशा गोष्टी चालवणारा गाडीतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून त्यातला केबिनचा दिवा चालवणारा एकच ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. हा भाग शंभर रुपयांच्या आत मिळतो. पण बोर्ड उघडण्याआधी गाडीतच थोडी तपासणी करा. हेच लक्षण आणखी दोन कारणांनी येतं आणि त्या दोन्हींत बीसीएमला हात लावायची गरजच नसते.

आधी जोडणी समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. छताच्या दिव्याला बहुतेक गाड्यांत तीन वायरी येतात. एकीत फ्यूजमधून आलेला बॅटरीचा पॉझिटिव्ह असतो, चावी काढली तरी चालू राहणारा. दुसरी बॉडी अर्थ. तिसरी बीसीएमकडे जाते. बल्बच्या एका टोकाला पॉझिटिव्ह कायम असतो, दुसरं टोक कुठे जोडायचं एवढंच तो छोटा सरकता स्विच ठरवतो. 'ऑन'ला ते टोक थेट अर्थला जातं, 'ऑफ'ला कुठेच जात नाही आणि 'डोअर'ला बीसीएमच्या वायरीला जोडलं जातं. म्हणजे दिव्याचा ताबा अर्थच्या बाजूनं आहे. काही गाड्यांत बीसीएम पॉझिटिव्ह बाजूनं पुरवठा देतो, त्यामुळे आपल्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम एकदा पाहून खात्री करा. पण तुमचा दिवा शॉर्ट झाल्यावर ज्या पद्धतीनं वागतोय, ते अर्थ बाजूच्या जोडणीशी तंतोतंत जुळतं.

बीसीएमच्या आत त्या तिसऱ्या वायरीच्या टोकाला एक मॉसफेट असतो, वर म्हटलेला ट्रान्झिस्टर तो हाच. त्याला तीन टोकं: ड्रेनला दिव्याची वायर, सोर्सला अर्थ, आणि दोघांची जोडणी चालू-बंद करणारं गेट. दरवाजा उघडला की मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डावरची हुकूम देणारी चिप, त्याच्या गेटला ५ व्होल्ट देतो, मॉसफेट ती वायर अर्थला जोडतो, दिवा लागतो. दरवाजा लावल्यावर मायक्रोकंट्रोलर लगेच पुरवठा तोडत नाही. सेकंदाला शे-दोनशे वेळा चालू-बंद करत 'चालू'चा वाटा कमी कमी करत नेतो, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. दिवा हळूहळू मंद होत विझताना दिसतो तो यामुळे. जुन्या गाड्यांत हे काहीच नव्हतं. दरवाजाच्या चौकटीतलं दाबबटण हाच अर्थचा स्विच असायचा आणि दरवाजा लागला की दिवा खट्कन विझायचा.

मॉसफेट जळताना बहुधा शॉर्ट होऊन जळतो. मग गेटला काहीही मिळो, वायर कायम अर्थला जोडलेली राहते. ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला साधारण ०.४२ अँपिअर घेतो. चार दिवस म्हणजे ९६ तास, म्हणजे सुमारे ४० अँपिअर-अवर. लहान पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सर्रास असते. तेव्हा तुमची बॅटरी उतरली यात तिचा दोष नाही. फक्त अशी पूर्ण उतरलेली बॅटरी नुसत्या गाडीच्या चार्जिंगवर सोडू नका. चार्जर लावून एकदा पूर्ण भरून घ्या, नाहीतर तिचं आयुष्य घटतं आणि पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा बीसीएमवर संशय घ्याल.

आता गाडीतली तपासणी. पहिली गोष्ट, डॅशबोर्डवरची दरवाजा उघडा असल्याची खूण बघा. सगळे दरवाजे आणि डिकी बंद असताना ती खूण विझते का? विझत नसेल, तर बीसीएमला एखादा दरवाजा उघडाच वाटतोय. दरवाजा उघडा की बंद हे बीसीएमला कळवणारा स्विच हल्लीच्या गाड्यांत दरवाजाच्या लॉकच्या आतच असतो. आतलं ग्रीस घट्ट होऊन किंवा पाणी जाऊन तो अडकतो. कधी दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर वाकून वाकून तुटते किंवा सोलून बॉडीला लागते. डिकीच्या दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यात तर हे फारच होतं. खूण व्यवस्थित विझत असेल तर दरवाजाचे स्विच ठीक आहेत, पुढे जा.

दुसरी परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते आणि तिला एकही उपकरण लागत नाही. बहुतेक बीसीएममध्ये बॅटरी सेव्हर असतो. दरवाजा उघडा राहिला तरी ठरावीक वेळानं, साधारण १० ते ३० मिनिटांनी, तो केबिनचा दिवा स्वतःहून बंद करतो. दोष दरवाजाच्या स्विचमध्ये असेल तर बीसीएमचा गैरसमज झालेला असतो, पण त्याचा ताबा शाबूत असतो, म्हणून तेवढ्या वेळानं दिवा विझतो. मॉसफेटच शॉर्ट असेल तर मायक्रोकंट्रोलरनं हुकूम दिला तरी ऐकणारं कुणी नसतं आणि दिवा तासन् तास चालूच राहतो. तुमचा चार दिवस चालू राहिला. याच एका गोष्टीवरून मी दरवाजाचे स्विच जवळजवळ बाद धरतो.

तिसरं कारण वायरीचं. बल्ब बदलताना दिव्याची पूर्ण खोबण ओढून बाहेर काढली असेल, तर परत बसवताना मागची वायर छताच्या पत्र्यात आणि क्लिपमध्ये चेपली जाऊ शकते. बीसीएमकडची वायर बॉडीला लागली की लक्षण हुबेहूब हेच. हे वेगळं काढायला बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, डायग्राममध्ये बघून बीसीएमचा तो कनेक्टर काढा, निगेटिव्ह परत जोडा आणि दिव्याचा स्विच 'डोअर'वर करा. दिवा विझला तर शॉर्ट बीसीएमच्या आत आहे. दिवा तसाच राहिला तर वायर कुठेतरी पत्र्याला लागलेली आहे, आणि बीसीएमवर एक रुपयाही खर्च करू नका. आधी दिव्याची खोबण, मग सन व्हायझरचे स्क्रू, मग पुढच्या खांबाचं प्लास्टिक या क्रमानं शोधा.

पुढच्या खांबात आणि छताच्या कडेला कर्टन एअरबॅग असू शकते. पिवळ्या कनेक्टरना किंवा पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना मीटर लावू नका, टेस्ट लॅम्प तर अजिबातच नको. तिथलं प्लास्टिक उघडायचंच असेल तर बॅटरी सोडून गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढा वेळ थांबा. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये चार्ज काही काळ साठून राहतो.

या तपासणीसाठी मी मल्टिमीटरपेक्षा ५ वॅटच्या बल्बला दोन वायरी लावून केलेला टेस्ट लॅम्प पसंत करतो. मल्टिमीटर इतका कमी करंट ओढतो की तुटक्या, गंजलेल्या वायरीवरही तो १२ व्होल्ट दाखवेल. बल्ब मात्र खरा भार टाकतो. लागला तर जोडणी खरी. पण हा लॅम्प फक्त पुरवठ्याच्या आणि अर्थच्या वायरींवर वापरा, सेन्सर किंवा मायक्रोकंट्रोलरच्या वायरींवर कधीही नाही.

आता त्या ठिणगीबद्दल, कारण मुळात भाग का गेला हे कळलं नाही तर नवा भागही जाईल. छतात सहसा फेस्टून बल्ब असतो, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला, ३१, ३६ किंवा ४१ मिलिमीटर लांबीचा. तो दोन स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये घट्ट बसलेला असतो. नखानं निघत नाही म्हणून वायरमन बारीक स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो. त्या वेळी दरवाजा उघडा असतो, स्विच 'डोअर'वर असतो, म्हणजे मॉसफेट चालू असतो. स्क्रूड्रायव्हरचं पातं जर क्षणभर दोन्ही पट्ट्यांना एकदम लागलं, तर बल्बचा अडथळा निघून जातो आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह सरळ मॉसफेटमधून अर्थला जातो.

मग फ्यूज का उडत नाही? फ्यूज वायर वाचवण्यासाठी आहे, सेमिकंडक्टर वाचवण्यासाठी नाही. १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज २० अँपिअरला उडायला काही सेकंदसुद्धा घेऊ शकतो. अर्ध्या अँपिअरसाठी निवडलेला तांदळाएवढा मॉसफेट त्याच्या कितीतरी आधी संपतो. पुष्कळदा फ्यूज शाबूत आणि मॉसफेट शॉर्ट अशीच जोडी सापडते. पातं पॉझिटिव्ह पट्टीवरून छताच्या पत्र्याला लागलं असतं तर उलट फक्त फ्यूज उडाला असता आणि बीसीएमला काहीच झालं नसतं.

बीसीएम काढताना घाई नको. आपल्याकडच्या गाड्यांत तो बहुधा डॅशबोर्डखाली, बऱ्याचदा फ्यूज बॉक्सला चिकटून असतो. काच वर करून घ्या, चावी स्वतःच्या खिशात ठेवा, म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर तो आधी हाताशी ठेवा. निगेटिव्ह १० नंबरच्या पान्यानं सोडा आणि वायर बाजूला सारून ठेवा. प्रत्येक कनेक्टरचा काढण्याआधी फोटो घ्या. कनेक्टर वायरीला धरून ओढायचा नाही, कुलूप दाबून सरळ काढायचा. बॅटरी जोडल्यावर काही गाड्यांत काचांची वन-टच सोय पुन्हा शिकवावी लागते, ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

इथे एक सल्ला कळकळीनं देतो. भंगारातून त्याच मॉडेलचा जुना बीसीएम आणून लावायचा मोह होतो. तसं परस्पर करू नका. अनेक गाड्यांत इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी सोय) आणि चाव्यांची ओळख बीसीएममध्येच साठवलेली असते, शिवाय गाडीत कोणत्या सोयी आहेत त्याचं कोडिंगही. परका बीसीएम लावला की गाडी स्टार्टच न होण्याची वेळ येते आणि मग ती उचलून न्यावी लागते. तुमचाच बोर्ड दुरुस्त केला तर त्याची सगळी स्मृती जागच्या जागी राहते. म्हणूनही मी दुरुस्तीच्या बाजूचा आहे.

डबा उघडल्यावर आधी भिंगातून नुसतं बघा. बोर्डावर पातळ पारदर्शक लेप असतो, ओलावा रोखणारा. जळलेल्या मॉसफेटभोवती तो तपकिरी होतो, कधी त्यात बुडबुडे येतात. मॉसफेटच्या काळ्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसतो, आत राखाडी. पण पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही आणि भाग आतून पूर्ण शॉर्ट असतो. म्हणून नजरेवर थांबू नका. कनेक्टरच्या ज्या पिनवर दिव्याची वायर येते, तिथून मल्टिमीटरच्या बझरनं माग काढत जा. ती बहुधा तीन पायांच्या आणि मागे रुंद पत्री असलेल्या भागाच्या पत्रीला जाऊन मिळते. ती पत्री म्हणजे ड्रेन.

मीटर डायोडवर ठेवा. चांगल्या मॉसफेटमध्ये काळी टोच ड्रेनला आणि लाल सोर्सला लावली तर ०.४ ते ०.६ व्होल्ट दिसतात, टोच उलट केल्या की काहीच दिसत नाही. गेट आणि सोर्स यांच्यात भाग सुटा असेल तर दोन्ही बाजूंनी काहीच नाही. बोर्डावर असताना गेटचा पुलडाउन रेझिस्टर (हुकूम नसताना गेट शून्यावर ठेवणारा) मध्ये येतो, म्हणून थोडं वाचन येईल, त्याला घाबरू नका. शॉर्ट झालेला भाग दोन्ही बाजूंनी ०.०० दाखवतो. याच बोर्डावर डिकीच्या दिव्यासाठी किंवा दुसऱ्या छोट्या भारासाठी तसाच शेजारी भाग असण्याची शक्यता खूप असते. त्याचीही तीच वाचनं घेऊन शेजारी लिहा. निरोगी शेजाऱ्याशी तुलना करणं हे डेटाशीट (कंपनीचं त्या भागाचं माहितीपत्रक) नसताना सगळ्यात खात्रीचं साधन आहे.

भाग काढण्याआधी मायक्रोकंट्रोलर आणि गेट यांच्यामधला रेझिस्टर मोजा, कारण मायक्रोकंट्रोलर वाचला की नाही याचा अंदाज तिथेच लागतो. मॉसफेट जळताना ड्रेनचा गेटशीही शॉर्ट झाला असेल, तर १२ व्होल्ट त्या रेझिस्टरमधून थेट मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर येतात. रेझिस्टर १० किलोओहमचा असेल तर पिनवर जेमतेम ०.६ मिलिअँपिअर जातो आणि पिनच्या आतले संरक्षक डायोड तो पचवतात. तोच १०० ओहमचा असेल तर ६० मिलिअँपिअरच्या घरात जातो आणि पिन बहुधा जळते. रेझिस्टर त्याच्यावर छापलेल्या ओहमच्या आकड्यापेक्षा फारच जास्त दाखवत असेल तर तोही भाजलाय, बदला.

बदली भाग निवडताना चार गोष्टी बघतो. तो ४० व्होल्टच्या खालचा नको, ५५-६० चा बरा. गाडीत चालू इंजिनला १४.४ व्होल्टपर्यंत असतात हे खरं, पण बॅटरीची जोडणी अचानक सुटली तर अल्टरनेटरकडून मोठा धक्का येतो, आणि तो दाबण्याची सोय असलेल्या गाडीतही ३५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. दुसरं, तो लॉजिक लेव्हलचा हवा, म्हणजे ५ व्होल्टच्या गेटवर पूर्ण उघडणारा, पूर्ण चालू होणारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर दुकानदार पटकन आयआरएफझेड४४एन हातात ठेवतो, कारण तो सगळीकडे चालतो अशी समजूत आहे. त्याला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. त्याचाच लॉजिक लेव्हल भाऊ आयआरएलझेड४४एन. अक्षर एकच बदललं, पण इथे तेच निर्णायक आहे. अर्थात दोघेही आकारानं मोठे, बीसीएमच्या बोर्डावर मावणारे नव्हेत. तिथे बहुधा एसओटी-२२३ हा चपटा आकार असतो. त्यात आयआरएलएल०१४एन चांगला: ५५ व्होल्ट, २ अँपिअर, लॉजिक लेव्हल. चालू असताना त्याचा रोध सुमारे ०.१४ ओहम, म्हणजे ५ वॅटच्या बल्बला तो जेमतेम २५ मिलिवॅट उष्णता काढेल, बोटाला कळणारही नाही. गेट अर्धवट उघडणाऱ्या भागावर मात्र ३ व्होल्ट अडकले तर सव्वा वॅट तापेल आणि महिन्या-दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा इथेच याल. नव्या बोर्डांवर मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टचा असू शकतो, तिथे ३.३ वर चालणारा भाग शोधावा लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे आतच संरक्षण असलेले स्विच. बीएसपी७५एन हा त्याच एसओटी-२२३ आकारात येतो, ६० व्होल्टचा, आणि जास्त करंट किंवा जास्त उष्णता झाली की स्वतःला आवरतो. पुन्हा कुणी पातं घातलं तरी तो टिकण्याची आशा असते. पण त्याच्या इनपुटला साध्या मॉसफेटपेक्षा जास्त करंट लागतो. गेटचा रेझिस्टर १० किलोओहमचा असेल तर त्यातच व्होल्टेज पडेल आणि भाग अर्धवट उघडेल, तेव्हा तो रेझिस्टर कमी करावा लागतो. डेटाशीट वाचायची तयारी नसेल तर मूळ प्रकारचाच भाग लावा. चौथी गोष्ट पायांचा क्रम. आकार तोच असला तरी गेट-ड्रेन-सोर्सची जागा बदललेली असू शकते, आणि मूळ भाग मॉसफेट नसून एनपीएन ट्रान्झिस्टर असू शकतो, तिथे बेसला करंट लागतो. अंगावरचा नंबर भिंगातून वाचून, पडताळून मगच खरेदी करा. आणि ओळखीच्या दुकानातून घ्या. बाजारात बनावट भाग खूप आहेत, छपाई सुंदर आणि आतली चिप भलतीच.

सोल्डरिंगला साध्या २५ वॅटच्या गननं जाऊ नका. ड्रेनची पत्री तांब्याच्या मोठ्या पट्ट्यावर बसलेली असते, ती सगळी उष्णता खेचून घेते, आणि मग माणूस जोर लावून पॅडच उपटतो. तापमान नियंत्रण असलेलं स्टेशन, रुंद टोक, ३५० अंश. मूळ कथील शिशाविना असतं आणि २१७ अंशांच्या पुढे वितळतं. त्यावर ६३/३७ चं शिसंमिश्रित कथील भरपूर सोडा. दोन्ही मिसळले की वितळबिंदू खाली येतो आणि भाग सहज सुटतो. आधी तिथला लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ करून लाकडी काडीनं खरवडा. शेजारच्या भागांवर कॅप्टॉन टेप, म्हणजे उष्णता सोसणारी चिकटपट्टी, लावा. सुट्या पायांचा आधी विचार करू नका. पत्री पूर्ण वितळू द्या, दुसऱ्या बाजूनं पाय तापवा आणि चिमट्यानं भाग न ढकलता उचला. निघत नसेल तर अजून उष्णता कमी पडतेय, जोर नव्हे. मग वीकनं (जुनं कथील शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी) पॅड सपाट करा, फ्लक्स लावा, नवा भाग ठेवून एका पायाला डाग द्या, सरळ बसलाय का बघा, मग पत्री, मग उरलेले पाय. हाताला अँटिस्टॅटिक पट्टा असू द्या, मॉसफेटचं गेट अंगावरच्या स्थिर विजेनंही जातं.

जुना भाग काढल्यावर आणि नवा लावण्याआधी एक संधी असते, ती सोडू नका. बोर्डाला टेबलावरच करंट मर्यादित करता येणाऱ्या सप्लायवरून १२ व्होल्ट द्या, मर्यादा १ अँपिअर. डायग्रामप्रमाणे दरवाजाच्या स्विचची इनपुट पिन अर्थला टेकवा. बहुतेक गाड्यांत दरवाजा उघडणं म्हणजे हेच. रिकाम्या गेट पॅडवर ५ व्होल्ट आले आणि पिन सोडल्यावर ते उतरत उतरत शून्य झाले, तर मायक्रोकंट्रोलर ठणठणीत आहे आणि उरलेलं काम नुसतं डाग देण्याचं आहे. काहीच आलं नाही तर लगेच निराश होऊ नका, काही बीसीएम इग्निशनची किंवा कॅनची (गाडीतल्या मॉड्यूलना एकमेकांशी बोलू देणारी वायरिंग) जाग असल्याशिवाय बोलत नाहीत. पण गाडीत लावूनही गेटला काही येत नसेल तर ती पिन गेली. तेव्हा मॉड्यूल बदलणं किंवा दिवा हातानं ऑन-ऑफ करत राहणं, एवढेच सरळ मार्ग उरतात. मायक्रोकंट्रोलर बदलायच्या भानगडीत पडू नये, त्याच्या आतली माहिती हलवणं हा वेगळाच विषय आहे.

आणखी एका स्थितीत मी दुरुस्ती थांबवतो. कनेक्टरच्या पिनांवर हिरवी किंवा पांढरी पूड दिसली तर ते पाण्याचं काम आहे. वायपरखालच्या जाळीत पानं साचून निचऱ्याची भोकं बुजतात, आणि पावसाळ्यात पाणी वायरींच्या जुडग्यावरून सरळ बीसीएमवर उतरतं. कोकणात, गोव्यात, किनाऱ्यालगत खारी हवा त्यात भर घालते. अशा बोर्डावर आज एक मॉसफेट बदललात तर उद्या वायपरचा, परवा सेंट्रल लॉकचा भाग जाईल. आधी पाण्याची वाट बंद करा, बोर्ड अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं धुऊन पूर्ण वाळवा, गंज थरांच्या आत शिरलाय का ते बघा आणि मगच दुरुस्ती करायची की नाही ते ठरवा.

नवा भाग लागला, टेबलावर ५ वॅटचा बल्ब लावून मंद होत विझतोय हे पाहिलं, की फ्लक्स धुऊन तिथे पुन्हा ॲक्रिलिक लेपाचा हात फिरवा. गाडीत बोर्ड बसवा. आता बल्ब. एलईडी लावायला हरकत नाही, पण अगदी स्वस्तातला नको. त्याच्या आत कधी करंट आवरण्याची सोयच नसते, आणि तो आतून शॉर्ट झाला की पुन्हा तोच प्रसंग. चांगला एलईडी लावल्यावर दिवा बंद असताना काजव्यासारखा मिणमिणताना दिसला तर मॉसफेट पुन्हा गेला असं समजू नका. बंद मॉसफेटमधून आणि बीसीएमच्या तपासणी सर्किटमधून अगदी सूक्ष्म करंट वाहतो. साध्या बल्बला तो जाणवतही नाही, एलईडीला पुरतो. एलईडीच्या दोन टोकांना समांतर १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा. दिवा चालू असताना त्यातून १४ मिलिअँपिअर जातील, ०.२ वॅट तापेल, आणि मिणमिण थांबेल. उजेड वाढवायला ५ च्या जागी १० वॅटचा बल्ब मात्र घालू नका. प्लास्टिकची खोबण वितळते आणि थंड तारेचा सुरुवातीचा झटका चालू करंटच्या दहापटीच्या घरात असतो.

बल्ब बदलताना पुढच्या वेळी फ्यूज काढा. तेही जमत नसेल तर किमान स्विच 'ऑफ'वर सरकवा. 'ऑफ'ला बल्बचं दुसरं टोक कुठेच जोडलेलं नसतं, त्यामुळे पातं दोन्ही पट्ट्यांना लागलं तरी बीसीएमपर्यंत काही पोहोचत नाही. पॉझिटिव्ह पट्टी मात्र तेव्हाही जिवंत असते, ती पत्र्याला लागू देऊ नका. प्लास्टिकची काडी वापरलीत तर तोही प्रश्न नाही. हे अ‍ॅक्सेसरीवाल्याला काम सुरू करण्याआधी स्पष्ट सांगा, तो ऐकतो.

शेवटी गाडी झोपते का ते मोजा. ड्रायव्हरच्या दरवाजाची आकडी स्क्रूड्रायव्हरनं फिरवून बंद स्थितीत आणा, म्हणजे दरवाजा उघडा राहूनही बीसीएमला तो बंद वाटेल. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मधे मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागेवर लावा. मीटर मधे असताना इग्निशन फिरवायची नाही, सेल्फ मारायचा तर प्रश्नच नाही, मीटरचा फ्यूज जाईल. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा. सुरुवातीला आकडा मोठा असेल, मॉड्यूल एकेक करून झोपतात तसा तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. २० ते ५० मिलिअँपिअरच्या दरम्यान स्थिरावला तर काम झालं. ४०० च्या आसपास अडकला तर कुठेतरी ५ वॅटचा एक बल्ब अजून जळतोय: डिकी आणि ग्लोव्ह बॉक्स बघा, मग एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते शोधा. मोजून झालं की दरवाजा लावण्याआधी बाहेरचं हँडल ओढून ती आकडी मोकळी करा. तशीच ठेवून दरवाजा आपटला तर लॉक वाकतं.